लष्कराची शस्त्रं काळ्या बाजारात जाण्यापासून कशी रोखता येतील?

सैनिकांना दिलेली शस्त्रं चोरून विकली जाऊ नयेत म्हणून काय करावं आणि पहारा वाढवून भागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी काही वर्षं शस्त्रागाराची नोंदवही सांभाळली आहे. त्या अनुभवावरून सांगतो, नुसत्या पहाऱ्याने भागत नाही.

पहारेकरी बाहेरच्याला अडवतो. हत्यार मात्र बऱ्याचदा आतल्याच माणसाच्या मदतीने जातं, आणि दारातून जाण्याआधी ते कागदावरून जातं. ‘सरावात हरवली’, ‘निकामी, मोडीत काढली’ अशी एक ओळ पडली की त्या बंदुकीचा शोध घेणारं कुणी उरत नाही.

म्हणून माझा सगळा भर बंदुकीवर कोरलेल्या नंबरावर. रॅकमधल्या बंदुका मोजणं वेगळं आणि प्रत्येकीचा नंबर वाचून वहीशी ताडून पाहणं वेगळं. चाळीस भरल्या की सही ठोकून मोकळं व्हावं, असं मलाही वाटायचं. पण चाळीसच्या चाळीस जागेवर असतात आणि त्यातली एक भलतीच असू शकते. शिवाय तपासणारा दुसऱ्या तुकडीतला हवा, आणि तो न सांगता आला पाहिजे. ज्याची सही वहीत आहे त्यानेच वही तपासली तर चूक सापडणार कशी? हाच नियम गोळ्यांना. सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्यायच्या, कमी भरल्या तर त्याच दिवशी विचारायचं.

नोंद नसली की काय होतं याचं मोठं उदाहरण इराकचं. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २००७ मध्ये सांगितलं की इराकी दलांना दिलेल्या सुमारे १,१०,००० एके-४७ आणि ८०,००० पिस्तुलांचा हिशेब लागत नाही. २००९ मध्ये अफगाणिस्तानबद्दल तोच सूर: सुमारे ८७,००० शस्त्रांच्या नोंदी अपुऱ्या, त्यातल्या ४६,००० चे तर नंबरसुद्धा देता आले नाहीत. ही सगळी विकली गेली असं कुणी म्हणत नाही. पण उद्या एखादी गुन्ह्यात सापडली तर ती कुणाच्या हातून सुटली, हे कसं शोधणार? शस्त्रांचा माग काढता यावा म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये स्वीकारलेल्या दस्तऐवजात निर्मितीच्या नोंदी किमान ३० वर्षं आणि बाकीच्या २० वर्षं ठेवायला सांगितलंय, ते याचसाठी.

दुसरी गळती जुन्या मालाची, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या हल्ल्यात वापरलेल्या काही रायफली मूळच्या लष्करी होत्या. फक्त आवाज करतील अशा बनवून स्लोव्हाकियात त्या कायदेशीर विकल्या गेल्या होत्या, नंतर कुणीतरी त्या पुन्हा चालत्या केल्या. म्हणजे विक्री उघड, दुकानातून, पावतीसकट! त्याच वर्षाच्या शेवटी युरोपीय संघाने शस्त्रं कायमची निकामी करण्याचे समान नियम आणले. माझ्या मते जादा शस्त्रं विकूच नयेत, साक्षीदारांसमोर वितळवावीत आणि वितळवतानाही नंबर वाचावा.

पगार वेळेवर देणं हाही बंदोबस्तच आहे. महिनोन् महिने पैसे न मिळालेल्या शिपायाकडे विकण्याजोगी वस्तू एकच असते. आणि सरकारच कोसळलं तर वरचं काहीच टिकत नाही. १९९७ मध्ये अल्बानियात लष्करी कोठारं लुटली गेली, पाच लाखांहून जास्त शस्त्रं लोकांच्या हाती पडली. तिथे नोंदवही काय करणार? कोठारात मुळात गरजेपेक्षा जास्त माल नसता, तर लुटायलाही कमी मिळालं असतं.