पाटीवरचं ‘सिन्स’

प्रश्न : आमच्या खानावळीच्या पाटीवर ‘सर्व्हिंग फिश थाळी सिन्स ट्वेंटी इयर्स’ असं रंगवलंय. मुंबईचा पाहुणा हसला. चुकलं काय? – एक वाचक, गुहागर

उत्तर : आपलं ‘पासून’ नडलं. मराठीत ‘२००५पासून’ चालतं, ‘वीस वर्षांपासून’ही चालतं. ‘सिन्स’ला मात्र सुरुवातीची खूण लागते : सिन्स २००५, सिन्स नारळी पौर्णिमा. मोजलेल्या काळाला ‘फॉर’. शिवाय ‘फॉर’ भूत, वर्तमान, भविष्य अशा कुठल्याही काळातल्या वाक्यात खपतं. पावसात होड्या दोन महिने किनाऱ्याला, तेही ‘फॉर टू मंथ्स’. पूर्ण वाक्यात ‘वी आर सर्व्हिंग’ नको, ‘वी हॅव बीन सर्व्हिंग’ हवं. (माझी पोरं वर्गात इथंच घसरायची.) पेंटरला सांगा, ‘ट्वेंटी इयर्स’ पुसून साल घाल. दरवर्षी आकडा बदलायला नको, नि ‘सिन्स’ही तसंच राहील.