आई म्हणते पाप, बाबा म्हणतात आजार

ताई,

मी २६ वर्षांचा आहे, नोकरी करतो, आईबाबांसोबत राहतो. मला मुलगे आवडतात हे शाळेत असल्यापासून कळत होतं. घरी आत्ता कुठे सांगितलं. आई खूप श्रद्धाळू आहे. हे पाप आहे, देव क्षमा करणार नाही, असं ती म्हणते. रोजच्या प्रार्थनेत ती घरातल्या सगळ्यांची नावं घेते. आता माझं नाव सगळ्यात शेवटी येतं आणि ते घेताना तिचा आवाज बसतो. बाबा पक्के नास्तिक. वाटलं होतं, ते तरी समजून घेतील. त्यांनी मानसशास्त्राच्या कुठल्याशा जुन्या पुस्तकातल्या एका पानाची झेरॉक्स काढली, लाल पेनानं खुणा केल्या आणि माझ्या टेबलावर ठेवून दिली. 'हे बरं होतं' असं सांगणाऱ्या एका समुपदेशकाची वेळही घेतली आहे. आईचं म्हणणं, लग्न कर, आपोआप सुरळीत होईल. माझी पंचाईत अशी, की मीही देव मानतो, अगदी मनापासून. माझ्यासारखेच असलेले मित्र त्यावर हसतात. म्हणतात, ज्यांनी तुला नाकारलं त्यांच्या दारात कसला उभा राहतोस? मी देव सोडू की स्वतःला?

– एक वाचक

प्रिय वाचका,

तुझा धर्म कोणता ते तू लिहिलं नाहीस, आणि बरं केलंस. नाहीतर बाकीच्या धर्मांचे वाचक 'आमच्यात असं नसतं बाई' म्हणून पान उलटून मोकळे झाले असते.

आधी बाबांचं बघू, कारण तिथे वेळ ठरलेली आहे. त्या समुपदेशकाकडे जाऊ नकोस. फोन करून वेळ तूच रद्द कर. बाबांना रद्द करायला लावू नकोस, एवढी माघार त्यांना आत्ता जमायची नाही. मग ती झेरॉक्स हातात घे आणि मूळ पुस्तक कोणत्या साली छापलं ते शोध. माझी पैज आहे, १९७३ च्या आधीचं निघेल, नाहीतर तेव्हाचीच री ओढणारं.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९५२ मध्ये आजारांची पहिली अधिकृत यादी काढली, तिच्यात समलैंगिकता होती. का होती? तोवर डॉक्टरांनी जे समलिंगी पुरुष पाहिले ते दवाखान्यात आलेले किंवा तुरुंगात पडलेले. सुखानं नोकरी करणारा, मित्रांत रमणारा माणूस डॉक्टरकडे कशाला जाईल? एव्हलिन हूकर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे हेरलं. उपचार न घेणारे ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुष घेऊन त्यांनी त्यांच्या मानसिक चाचण्या केल्या, नावनिशाणी काढून टाकली आणि उत्तरं त्या काळच्या नामांकित तज्ज्ञांपुढे ठेवली: ओळखा, कोण कोणता. तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. हा निबंध १९५७ चा. यादीतून समलैंगिकता वगळायला १९७३ उजाडलं आणि जागतिक आरोग्य संघटनेला तर १९९०. विज्ञान उशिरा सुधारतं, पण सुधारलं की तसं लेखी नोंदवतं, आणि बाबांसारख्या माणसापुढे हाच मुद्दा चालेल. पुरावा बदलला की मत बदलावं, हे तुला त्यांनीच शिकवलं असणार.

'बरं होतं' याचीही गोष्ट त्यांना सांग. रॉबर्ट स्पिट्झर म्हणजे १९७३ च्या त्या बदलात पुढाकार घेणारे डॉक्टर. पुढे त्यांनीच, काही जण प्रयत्नांनी बदलू शकतात, असा निबंध २००३ मध्ये छापला. आधार काय, तर 'आम्ही बदललो' म्हणणाऱ्यांच्या फोनवरच्या मुलाखती. जगभरच्या 'सुधारणा' करणाऱ्या मंडळींनी तो निबंध डोक्यावर घेतला. २०१२ मध्ये स्पिट्झर यांनी स्वतःच तो चुकल्याचं मान्य करून समलिंगी लोकांची माफी मागितली. पुढच्याच वर्षी 'एक्झोडस इंटरनॅशनल' ही प्रार्थनेनं माणसं बदलून देण्याचं काम करणारी ख्रिस्ती संघटना बंद झाली, आणि बंद होताना तिच्या प्रमुखानंही माफी मागितली. माल्टानं २०१६ मध्ये अशा 'उपचारां'वर कायद्यानं बंदी घातली. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये ते डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. समुपदेशन वाईट असं मी म्हणत नाही. झोप उडाली असेल, जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येत असेल, तर त्याच दिवशी चांगल्या समुपदेशकाला किंवा जवळच्या माणसाला गाठ. फक्त पहिल्याच भेटीत विचार: तुम्ही मला बदलायला बसला आहात का? उत्तर 'हो' आलं तर उठून ये.

तुला बाबांचा धक्का आईपेक्षा जास्त बसला, हे पत्रात न लिहिताही कळतं. नास्तिक म्हणजे आपल्या बाजूचा, असा तुझा हिशेब होता. तो चुकतो, फार जणांचा चुकतो. देव नसलेल्या घरातही सोवळं असतं. सोव्हिएत रशियाच्या १९२२ च्या फौजदारी संहितेत समलैंगिकता हा गुन्हाच नव्हता. स्टालिनच्या राजवटीनं १९३४ मध्ये तो पुन्हा आणला, पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेसकट, आणि तो कायदा रशियातून गेला १९९३ मध्ये. तिथे कुणी धर्मग्रंथाचा दाखला दिला नाही. समलैंगिकता ही भांडवलदारी समाजाची सडकी खूण आहे, असं कारण मिळालं. गणितज्ञ ॲलन ट्युरिंगला समलिंगी संबंधांवरून १९५२ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयानं दोषी ठरवलं आणि तुरुंग टाळायचा तर संप्रेरकांचे उपचार घ्यावे लागतील असं सांगितलं. युद्धात जर्मनांची गुप्त लिपी फोडण्यात ज्याचा मोठा वाटा होता त्याच्या शरीराची वाट लावली ती कुणा धर्मगुरूनं नव्हे. डॉक्टरी इंजेक्शनं आणि गोळ्या होत्या त्या.

बाबांना नास्तिकच आदर्श हवा असेल तर आपल्याकडे चांगला आहे. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं द्यायचे, म्हणजे मी करते तेच, फक्त माझ्यापेक्षा पुष्कळ धाडसानं. हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांवरच्या अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला, मासिक तरीही चालू राहिलं. बाबांनी हे वाचलं नसेल असं नाही. फक्त आपल्याच मुलाचा संबंध येईल असं वाचताना वाटलं नसेल.

आता आई. तिचा बसलेला आवाज तुला राग वाटतो आहे. मला तो भीतीचा वाटतो. तिच्या हिशेबात हे या जन्मापुरतं नाही. आपला मुलगा कायमचा हातचा जाईल, असं तिला खरोखर वाटतं. तिच्यापुढे वचनांची चिरफाड करत बसू नकोस. पण तुझ्या स्वतःसाठी काही गोष्टी माहीत असू देत.

ग्रंथांत आपल्याविरुद्ध काहीच नाही, सगळा अनुवादाचा घोळ आहे, असं सांगणारे तुला भेटतील. त्यांच्या नादी लागू नकोस. कठोर वचनं आहेत. बायबलच्या लेवीय ग्रंथात मृत्युदंड आहे, कुराणात लूत या पैगंबराच्या लोकांचा नाश आहे. पण वचनं एकटी नसतात. बायबलमध्ये देवानं नष्ट केलेल्या सदोम नगराचा अपराध कोणता, याचं उत्तर यहेज्केल संदेष्ट्याच्या तोंडी आहे: गर्व, भरल्या पोटीची बेफिकिरी आणि गरिबाला हात न देणं. मनुस्मृतीतल्या एका श्लोकात द्विज पुरुषानं पुरुषाशी संग केला तर कपड्यांसकट स्नान एवढंच प्रायश्चित्त आहे. दिवसाढवळ्या बाईशी संग केला तरी तेच. (कुमारिकेला दूषित करणाऱ्या बाईसाठी मात्र त्याच ग्रंथात बोटं कापण्यापर्यंत मजल जाते. कठोरपणा कुणाच्या वाट्याला यायचा हे आधीच ठरलेलं असतं.) कॅथलिक चर्चची शिकवण काही परिच्छेदांच्या अंतरात दोन गोष्टी सांगते: ही कृत्यं चूक आहेत, आणि या माणसांना आदरानं, करुणेनं वागवा. कोणती ओळ मोठ्यानं वाचायची हे वाचणारा ठरवतो.

आईसाठी मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो इंग्लंडचा प्रसंग. समलैंगिकता गुन्हा राहू नये, असं १९५७ मध्ये सरकारनं नेमलेल्या वुल्फेंडन समितीनं सुचवलं. त्याच्याही आधी, १९५४ मध्ये, चर्च ऑफ इंग्लंडच्याच एका गटानं ते म्हटलं होतं, आणि पुढे कँटरबरीचे आर्चबिशप मायकल रॅम्झी यांनी सरदारांच्या सभागृहात कायदा बदलायला पाठिंबा दिला. कायदा १९६७ मध्ये बदलला. रॅम्झी हे पाप मानत नव्हते असं नाही. मानत होते, आणि तरीही या माणसांना तुरुंगात टाकू नका म्हणून उभे राहिले. तुझ्या आईनं उद्याच्या उद्या मत बदलावं ही अपेक्षा सोडून दे. ते मत मनात ठेवूनही ती तुझ्या बाजूला उभी राहू शकते. नातेवाइकांत तुझ्याविषयी वेडंवाकडं बोललं गेलं तर त्यांना गप्प करू शकते, तुझ्या खोलीत येऊन बसू शकते. तिच्याकडे आज एवढंच माग. आणि शक्य असेल तर ती प्रार्थनेला बसते तेव्हा तूही बस. वाद घालायला नको, नेहमीसारखा बस. ज्या मुलाला देवानं टाकलंय असं तिला वाटतं, तो देवासमोर बसलेला तिला दिसू दे.

मित्रांवर चिडू नकोस. साठेक देशांत आजही हा गुन्हा आहे आणि त्यांतल्या काही देशांत धर्माच्या नावानं फाशीपर्यंत जाता येतं. तुझ्या मित्रांपैकी कुणाला स्वतःच्या घरातूनच देवाचं नाव घेऊन बाहेर काढलं असेल. त्यांचं हसणं तिथून येतं. पण तू काय मानावंस, हे ठरवायचा हक्क आईला नाही तसाच त्यांनाही नाही. एक पाळत ठेवणारा गेला आणि दुसरा आला, यात सुटका कसली?

देवावरची श्रद्धा आणि समलिंगी असणं दोन्ही सांभाळणारा तू पहिला नाहीस. समलिंगी असल्यानं धर्मोपदेशकाची जागा गमावलेल्या ट्रॉय पेरी यांनी १९६८ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या स्वतःच्या घरी मोजक्या लोकांना बोलावून प्रार्थना घेतली. त्यातून उभा राहिलेला ख्रिस्ती पंथ आज अनेक देशांत आहे. स्वीडनचं लुथरन चर्च २००९ पासून समलिंगी जोडप्यांची लग्नं लावतं. दक्षिण आफ्रिकेचे इमाम मुहसिन हेंड्रिक्स यांनी १९९६ मध्ये आपण समलिंगी असल्याचं उघड सांगितलं आणि पुढे आपल्यासारख्यांसाठी मशीद चालवली. २०२५ च्या फेब्रुवारीत गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. म्हणून ही वाट सुरक्षित आहे असं मी तुला सांगणार नाही. कुणाला सांगायचं, कुठे सांगायचं, किती सांगायचं, हे जपूनच ठरव.

'देव सोडू की स्वतःला' हा प्रश्न तुझा नाहीच. आईनं, बाबांनी, मित्रांनी मिळून तो तुझ्या हातात दिला आहे. तू शाळेत असल्यापासून प्रार्थनाही करतोस आणि तुला मुलगेही आवडतात. इतकी वर्षं हे दोन्ही एकाच माणसात नांदलं. एखादी प्रार्थनासभा, एखादा उपदेशक, एखादं देवस्थान तुला रोज मान खाली घालायला लावत असेल तर तिथे जाणं बंद कर. त्यासाठी देव सोडावा लागत नाही. पुढे कधी श्रद्धा आपसूक सुटली तर सुटेल, टिकली तर टिकेल. आत्ता घाईनं निकाल देऊ नकोस.

राहिलं लग्न. बाकी सगळ्यात मी तुला धीर धर, समजून घे म्हणाले. इथे नाही म्हणणार. स्पष्ट नकार दे. तुझ्या घरातली अडचण मिटावी म्हणून एका मुलीनं, तिला काही ठाऊक नसताना, आयुष्य घालवायचं, हे पाप आईच्या कोणत्याही पोथीत बसेल. तिला तिच्याच भाषेत सांग: 'आई, त्या मुलीशी रोज खोटं बोलून मी कोणत्या तोंडानं प्रार्थनेला बसू?' याला तिच्याकडे उत्तर नसेल. ती रडेल, कदाचित अबोला धरेल. तरी सांग, आणि आत्ताच सांग. एखाद्या घरी निरोप गेला, भेटीगाठी झाल्या, मुलीनं मनात काही धरलं आणि मग तू मागे फिरलास, तर त्या मुलीच्या मनस्तापाला तूच जबाबदार राहशील.

– ताई