वेबक्लायंटभोवती आणखी एक क्लास कशाला?

चिकोडीच्या सदस्यांची अडचण अशी: ऊसकाट्याच्या वजनपावत्या कारखान्याच्या सर्व्हरवरून आणून शेतकऱ्यांना मोबाइलवर दाखवणारी त्यांची स्प्रिंग वेबफ्लक्सची (जावातली वेब-सेवा लिहायची चौकट) सेवा आहे. अवकाळी पावसानं तोड थांबली की काटा थंड पडतो आणि नंतरची पहिलीच विनंती ‘कनेक्शन रीसेट बाय पीअर’ म्हणून पडते. म्हणून वेबक्लायंटभोवती, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरला विनंती पाठवणाऱ्या स्प्रिंगच्या भागाभोवती, स्वतःचा क्लास लिहायचा, म्हणजे उद्या नेटी (खालची कनेक्शनं सांभाळणारी लायब्ररी) काढून दुसरं काही लावता येईल, असा त्यांचा बेत.

तो क्लास लिहू नका. ती सोय स्प्रिंग 5.0 पासून, म्हणजे 2017 पासूनच आहे. वेबक्लायंट स्वतः सॉकेट उघडत नाही, ते काम क्लायंट-एचटीटीपी-कनेक्टर या इंटरफेसमागे चालतं. रिअॅक्टर नेटी, जेटी, अपाचेचा क्लायंट, 6.0 पासून जेडीकेचा (जावाचाच) स्वतःचा, यांतला कुठलाही वेबक्लायंटच्या बिल्डरवर लावा. वरचा कोड हलत नाही.

पण नुसता कनेक्टर बदलून एरर जाईलच असं नाही, कारण पूल, म्हणजे पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शनं, त्या इंटरफेसच्या खाली असतो. मधला फायरवॉल पडून राहिलेलं कनेक्शन गुपचूप तोडतो, पूलला पत्ताच नसतो आणि तो तेच पुढच्या विनंतीला देतो. कनेक्शन किती वेळ रिकामं पडू द्यायचं ते ठरवणाऱ्या मॅक्स-आयडल-टाइमला रिअॅक्टर नेटीत मुळात मर्यादाच नाही. कनेक्शन-प्रोव्हायडरवर (पूल बनवणारा भाग) ती घाला, फायरवॉलच्या किंवा समोरच्या सर्व्हरच्या टाइमआउटपेक्षा कमी: तिकडे 60 सेकंद असतील तर 40. तिथंच कनेक्शन मोकळं व्हायची वाट बघणाऱ्या विनंत्यांची रांगही बघून घ्या. रिअॅक्टर नेटीच्या तयार पूलमध्ये डिफॉल्टनं एका होस्टला 500 कनेक्शन, रांगेत 1000 विनंत्या आणि थांबायची मुदत 45 सेकंद. आपल्याकडचा ट्रॅक्टरवाला काट्यापुढं रात्र काढतो हो, पण पावती उघडणारा 45 सेकंद थांबत नाही. मी 5 ठेवतो. कनेक्टर बदललात तर हे सगळं नव्यानं लिहावं लागेल, म्हणून ते एकाच कॉन्फिगरेशन क्लासात असू द्या. आणि प्रत्येक विनंतीला नवा प्रोव्हायडर करू नका, मग पूल असून नसल्यासारखाच.

स्वतःचा इंटरफेस हवाच असेल तर कामाच्या नावानं करा: वजनपावती-सेवा. पावती क्रमांक द्यायचा, पावतीचा मोनो (नंतर येणाऱ्या एका उत्तराची जागा) घ्यायचा. वेबक्लायंटचे एक्सेप्शनसुद्धा तिच्याबाहेर जाऊ देऊ नका. गावाचं नाव कारखान्याकडून कन्नडमध्ये येत असेल आणि पावतीवर मराठी हवं असेल, तर ती अदलाबदलही तिच्यामागेच.

कोडात कुठं जुनी एक्स्चेंज मेथड असेल तर तीही काढा. प्रतिसादाची बॉडी वाचायची राहिली की कनेक्शन पूलमध्ये परत येत नाही, म्हणूनच स्प्रिंग 5.3 मध्ये ती डेप्रिकेट झाली, म्हणजे ‘वापरू नका’ अशी खूण तिला लागली. रिट्रीव्ह किंवा एक्स्चेंज-टू-मोनो वापरा.