मीनाकारीची फुलदाणी : चीनची की जपानची?

प्रश्न : घरात तांब्यावर मीनाकाम केलेली जुनी फुलदाणी आहे. उंची २४ सेंटिमीटर, वजनाला हलकी. गडद निळ्या जमिनीवर शेवंती आणि चिमण्या, काठाशी चमचमणारा तपकिरी पट्टा. तळाला शिक्का नाही. ती कुठली आणि किती जुनी असावी?

उत्तर : वर्णनावरून ती जपानी वाटते, बहुधा नागोया परिसरातली, १८८० ते १९१० या काळातली. अशा कामात तांब्यावर बारीक तारांनी नक्षी आखतात आणि मधे मीना, म्हणजे रंगीत काच, भरून भाजतात. तपकिरी पट्ट्यातली चमक या काचेतल्या तांब्याच्या बारीक कणांची असते आणि त्या काळच्या जपानी मालात ती सर्रास दिसते. पातळ पत्रा, त्यामुळे हलके वजन, हीही जपानचीच खूण. चिनी फुलदाणी सहसा हाताला जड लागते.

आता दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन फुलांमधली मोकळी जमीन बघा. नुसती काच मोठ्या भागावर भरली की ती तडकते, म्हणून चिनी कारागीर जमिनीतही तारेची वेटोळी बसवत. सुरुवातीला जपानीही तेच करत. पुढे मीना सुधारला आणि १८८० च्या सुमारापासून त्यांना बिनतारेची मोठी जमीन साधू लागली. तुमची जमीन कोरी असेल, तर त्याआधीची तारीख कुणी सांगितली तरी मानू नका. वेटोळी भरलेली असतील, तर १८७० चे दशकही शक्य आहे.

शिक्का नाही याचा फार अर्थ काढू नये. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. पण माल दुसरीकडे गेला असेल किंवा नाव कागदी चिठ्ठीवर असेल, तर तळ कोराच राहतो. उलट चिनी वस्तूवर मिंग सम्राट जिंगताई (१४५०-५६) याचा शिक्का दिसला तरी हुरळून जाऊ नका. तो नंतरच्या मालावर वाटेल तितका मारला आहे.

किंमत ठरते ती डागडुजीवरून. एखाद्या पाकळीची तार मध्येच तुटून पुढे नुसताच रंग दिसला, तर तिथे राळ किंवा मेण भरले आहे. अंधारात अतिनील टॉर्च मारली की असे भाग बहुतेकदा वेगळे उजळतात. पोचा असेल तर तो ठोकून काढायला देऊ नका, आजूबाजूचा मीना उडतो. पुसायला किंचित ओले मऊ फडके पुरे. लिंबू, चिंच, पितळ घासायची पावडर यांपैकी काहीही लावू नका, आणि आत पाणी भरून फुलेही ठेवू नका.