लेप्याचे दोन्ही डोळे एकाच अंगाला का? तो जन्मतःच तसा असतो का?

जन्मतः नाही, आणि तुमच्या प्रश्नाचा हा दुसरा भागच खरा मोलाचा आहे.

लेपा हा समुद्राच्या तळाशी राहणारा चपटा मासा. अंड्यातून निघालेलं त्याचं पिल्लू इतर कुठल्याही माशासारखं असतं. एक डोळा उजवीकडे, एक डावीकडे, अंग काचेसारखं पारदर्शक, आणि पोहणंही उभंच. मग काही आठवड्यांत रूपांतर सुरू होतं. त्याला चालना देतं ते थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक, तेच जे बेडकाच्या पिल्लाची शेपटी नाहीशी करतं. डोक्याच्या दोन बाजू सारख्या वेगाने वाढेनाशा होतात. उजव्या डोळ्याखालच्या भागात पेशी भराभर वाढतात, कवटीची हाडं पिळवटतात आणि तो डोळा हळूहळू माथ्यावरून पलीकडे ढकलला जातो. मासा आडवा होऊन तळाशी टेकतो. खालची बाजू पांढरी राहते, वरची रेतीच्या रंगाची होते. नवा अवयव एकही आलेला नसतो. होते तेच भाग कमीअधिक वाढले, एवढंच.

मी मुंबईत प्राणिशास्त्र शिकवायचे. दरवर्षी या तासाच्या सकाळी सिटीलाइटच्या बाजारातून एक लेपा आणि भाकस नावाचा दुसरा एक चपटा मासा आणायचे. "मावशी, डोकं काढू नका" म्हटलं की कोळीणबाई चमकून बघायच्या. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी दोन्ही मासे लहानपणापासून खाल्लेले असत, पण तोंडाकडे कुणी नीट पाहिलेलं नसे. लेप्याचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला असतात आणि पाठीचा पर पार डोक्यापर्यंत आलेला असतो. भाकसाचा सरकलेला डोळा मात्र माथ्याच्या कडेशीच थांबतो, पर डोळ्याच्या बराच मागे सुरू होतो, आणि काही भाकस डावे तर काही उजवे निघतात. सरकण्याची रीत दोघांची एकच. फरक आहे तो डोळा किती दूर गेला याचा.

हा फरक मला फार मोठा वाटतो. १८७१ मध्ये सेंट जॉर्ज मिव्हार्ट या अभ्यासकाने डार्विनला अडवलं होतं ते याच माशांवरून: बदल हळूहळू झाले असतील, तर अर्ध्या वाटेवर थांबलेल्या डोळ्याचा माशाला उपयोग काय? डार्विनने आपल्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या पुस्तकाच्या १८७२ च्या आवृत्तीत उत्तर दिलं, पण तसा मासा कुणी दाखवला नव्हता. २००८ मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक मॅट फ्रीडमन यांनी तो दाखवला. इटलीतल्या मोंते बोल्का इथले सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म त्यांनी तपासले. ते मासे पूर्ण वाढलेले होते, एक डोळा वर सरकलेला होता, पण माथा ओलांडलेला नव्हता. म्हणजे अर्ध्या वाटेवरचा डोळा घेऊनही ते मासे जगले, मोठे झाले.

वाढीच्या वेगातला हाच फरक ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलातही दिसतो. तिवरांजवळ एकच नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे फिरत असतात. ते नर. लहानपणी त्यांच्या दोन्ही नांग्या छोट्याच असतात. मग एक नांगी बाकीच्या अंगापेक्षा जास्त वेगाने वाढत राहते, म्हणून खेकडा जितका मोठा तितकी ती अधिकच बेढब. जीवशास्त्रज्ञ जुलियन हक्सली यांनी १९२४ मध्ये अशाच खेकड्यांची मापं घेऊन हे प्रमाण गणितात मांडलं.

पुढच्या वेळी मासे घ्याल तेव्हा लेपा आणि भाकस शेजारी ठेवा आणि पाठीचा पर कुठून सुरू होतो ते बोटाने चाचपून बघा. साफ करायला देण्याआधी, कारण डोकं सगळ्यात आधी जातं.