पलंगावरचे ऑफिस

प्रिय मावशी, सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीत सासू-सासरे आणि नवरा यांच्यासह वन बीएचके घरात राहते. वैद्यकीय विम्याचे दावे तपासण्याचे माझे काम आहे. कंपनीने 2022 मध्ये ऐरोलीचे ऑफिस आवरले आणि आम्हाला कायमचे घरून काम दिले. बेडरूममध्ये पलंग आणि कपाट सोडून फारसे काही मावत नाही, म्हणून मी पलंगावर बसून, आणि खरे सांगायचे तर दुपारनंतर आडवी होऊन, रोज नऊ तास काम करते. सहा महिन्यांपासून मान आणि कंबर दुखते आहे, अधूनमधून डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते, आणि रात्री दोन वाजले तरी झोप येत नाही. मैत्रीण म्हणते, झोपेची गोळी घे. त्यातच परवा सासूबाई फोनवर नणंदेला म्हणाल्या, “हिचं काय, दिवसभर गादीवर लोळत असते.” ते मला फार लागले. नवरा गुरुवारी आणि शुक्रवारी घरून काम करतो. तो हॉलमधल्या डायनिंग टेबलावर बसतो आणि तेव्हा टीव्ही बंद असतो. मी खरोखर काम करते हे सासूबाईंना कसे पटवू? चर्चिलसुद्धा पलंगातून काम करत असत असे मी वाचले आहे. मग मीच आळशी कशी?

— एक सून

प्रिय मुली, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वेळी मला त्यात दोन तक्रारी दिसल्या, एक शरीराची आणि एक सासूबाईंची. दुसऱ्या वेळी तिसरीही दिसली, पण ती तू तक्रार म्हणून लिहिलेलीच नाहीस. गुरुवार आणि शुक्रवारबद्दलच्या दोन वाक्यांत ती घालून तू पुढे निघून गेली आहेस. तिच्याकडे मी येणारच आहे.

चर्चिल यांचा विषय आधी उरकून टाकते. ते सकाळचा बराच वेळ पलंगातच काम करत हे खरे आहे. परंतु ते मजकूर तोंडाने सांगत आणि त्यांच्या सेक्रेटरी तो टिपून घेत, त्यामुळे मांडीवरच्या कीबोर्डवर मान खाली घालून नऊ तास दावे तपासण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. शिवाय त्यांची सासू हॉलमध्ये बसलेली नव्हती. मेक्सिकन चित्रकर्ती फ्रिडा काहलो हिने 1925 च्या बस अपघातानंतर अंथरुणावर पडल्या पडल्या चित्रे काढली, त्यासाठी तिच्या आईने खास चित्रफलक करवून घेतला होता. आजारपणामुळे, अपंगत्वामुळे किंवा गरोदरपणात डॉक्टरांनी सांगितल्यामुळे ज्यांना पलंगावरूनच काम करणे भाग आहे, त्यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तुला उठता येते, म्हणून हा सगळा पत्रप्रपंच.

आता तुझ्या कंबरेविषयी. पलंगावर पाय लांब करून बसले की मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात, माकडहाडाचा भाग मागे कलतो आणि कंबरेला आत असलेला नैसर्गिक बाक सपाट होतो; पाठीशी लावलेली उशी तासाभरात दबते आणि मग आपण नकळत पोक काढून स्क्रीनवर झुकतो. आल्फ नाखेमसन या स्वीडिश अस्थिशल्यविशारदांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून तिथला दाब मोजला होता, आणि उभ्यापेक्षा आधाराशिवाय बसलेल्या माणसाच्या चकतीवर तो अधिक, तर पुढे वाकून बसलेल्याच्या चकतीवर त्याहूनही अधिक असल्याचे त्यांना आढळले. तू ज्या बाजूला बसतेस तिथली गादी एकदा हाताने चाचपून पाहा. तिथे खळगा पडलेला असणार, आणि रात्री त्याच खळग्यात तू झोपतेस.

बधिर होणाऱ्या बोटांबद्दल मी एक अंदाज बांधते. दुपारनंतर तू डाव्या कुशीवर वळून, डाव्या कोपरावर सगळा भार टाकून उजव्या हाताने काम करत असशील. कोपर कुठे आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती अल्नर नावाची नस कोपराच्या आतल्या बाजूला अगदी कातडीखालून जाते. तिच्यावर तासन्‌तास दाब राहिला किंवा कोपर सतत दुमडलेले राहिले, तर तुझी ती दोन बोटेच आधी तक्रार करतात. तरीही सहा महिने हा काही लहान काळ नाही, म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवून घे. बधिरपणा जाईनासा झाला, हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा कंबरेची कळ पायात उतरू लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नकोस.

झोपेचे गणित मात्र मला अधिक महत्त्वाचे वाटते. रिचर्ड बुटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये निद्रानाशावर एक उपाय मांडला, जो आजही वापरला जातो. त्यांचे म्हणणे असे की, अंथरुणावर आपण जे जे करतो त्याच्याशी शरीर अंथरुणाची सांगड घालते. तिथे हिशेब केले, वाद घातले, मेल पाहिले, तर अंथरुणाला पाठ टेकताच शरीर त्याच कामांसाठी जागे होते. म्हणून पलंग झोपेसाठी राखून ठेवायचा (पती-पत्नींच्या सहवासाला त्यांनी अपवाद केला आहे, हेही सांगून टाकते), झोप आल्यावरच त्यावर जायचे, वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसरीकडे बसायचे, डुलकी येऊ लागली की परत यायचे, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठायचे. पहिला आठवडा जड जातो. मैत्रिणीच्या गोळीचे म्हणशील, तर दीर्घकाळच्या निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी अशी वर्तनोपचाराची पद्धत वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने 2016 मध्येच केली आहे. तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती गोळी घेऊ नकोस.

तुला गंमत वाटेल, पण सासूबाई आणि तुझी झोप यांचे म्हणणे एकच आहे. दोघींनाही पलंग म्हणजे विश्रांतीची जागा एवढेच ठाऊक आहे. तू तिथे नऊ तास राबतेस हे सासूबाईंच्या डोळ्यांना पटत नाही, आणि तू तिथे आता झोपायला आली आहेस हे रात्री तुझ्या शरीराला पटत नाही.

गिरगावात दोन खोल्यांत आम्ही सात माणसे राहत होतो. वडील एका कापडाच्या पेढीवर हिशेबनीस होते आणि दिवाळी जवळ आली की वह्या घरी आणत. पहाटे आई वळकट्या बांधून कोपऱ्यात रचत असे, त्यांवर धुतलेली चादर घालत असे, आणि रात्री जिथे माझे दोन भाऊ पाय पसरून झोपलेले असत त्याच चार फुटांत सतरंजी अंथरून, उतरत्या झाकणाचे लाकडी डेस्क पुढे घेऊन, वडील मांडी घालून लिहायला बसत. त्या डेस्काला आमचा पाय लागला तर नमस्कार करावा लागे. जागा तीच होती, गादी-तक्क्याचे तर आपल्याकडे कुणाला वावडेही नव्हते. परंतु वळकटी बांधली गेली की ती जागा झोपायची उरत नसे, आणि वडील ‘लोळत आहेत’ असे म्हणण्याची कुणाची छाती झाली नसती. (अर्थात ते पुरुष होते, हे मी विसरलेले नाही.) तुझ्या पलंगाची वळकटी बांधता येत नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे.

म्हणून आता त्या टेबलाकडे वळते. तुझ्या घरात टेबल आहे, त्याला खुर्च्या आहेत, आणि आठवड्यातले दोन दिवस त्यावर काम होते तेव्हा टीव्ही बंद ठेवण्याची समजही घरातल्यांना आहे. म्हणजे घरून करायच्या कामाला काय लागते हे सगळ्यांना माहीत आहे. ते तुझ्या कामालाही लागते, एवढेच कुणाच्या मनात आलेले नाही. त्याने बाहेर बसायचे आणि तू आत, असे कुणी ठरवले होते का, हे आठवून पाहा. बहुधा कुणीच नाही. पहिल्या दिवशी कुणाला अडचण नको म्हणून तू आपण होऊन लॅपटॉप उचलून आत गेलीस आणि त्या दिवसापासून ती तुझी जागा झाली. ऐरोलीला जाताना ठाण्याला गाडी बदलत रोज तीन तास धक्के खाणाऱ्या तुला घरून काम मिळाल्यावर एवढे हायसे वाटले असेल की, आणखी काही मागणे तुला जड गेले असावे.

नवऱ्याशी बोल, आणि भांडणाच्या सुरात बोलू नकोस, कारण तुझ्या पत्रावरून तो वाईट माणूस वाटत नाही. त्याला फक्त कुणी विचारलेले नाही. सोमवार ते बुधवार टेबल तुझे, गुरुवार-शुक्रवारपैकी एक दिवस तुझा आणि एक त्याचा, असे दोघांनी ठरवा. ठरलेले सासू-सासऱ्यांना सांगण्याचे काम मात्र त्याचे आहे, तुझे नाही. ते आईवडील त्याचे आहेत, आणि तोच निरोप तुझ्या तोंडून गेला तर त्याचा अर्थ वेगळा लावला जाईल. सासऱ्यांच्या दुपारच्या बातम्यांसाठी त्यांना बिनतारी हेडफोन आणून द्या. तीन दिवस कुरकुरतील, मग तो काढायला तयार होणार नाहीत.

टेबलावर बसण्याचीही थोडी तयारी करावी लागेल. डायनिंग टेबल साधारण 29-30 इंच उंच असते आणि बेताच्या उंचीच्या बाईचे पाय खुर्चीवरून लोंबकळतात, म्हणून पायांखाली पाट घे. माळ्यावर एखादा नक्कीच पडला असेल. लॅपटॉपखाली जुन्या डायऱ्यांचा किंवा पुस्तकांचा एवढा गठ्ठा ठेव की स्क्रीनची वरची कड डोळ्यांसमोर येईल, आणि वेगळा कीबोर्ड व माऊस घे. हजार-पंधराशे रुपयांत दोन्ही मिळतात. लॅपटॉप वर उचलून त्याच्याच कीबोर्डवर काम करू लागलीस, तर मान वाचेल आणि खांदे धरतील. कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेव. पाण्याची मोठी बाटली जवळ न ठेवता फुलपात्र ठेव, म्हणजे ते भरायला तुला उठावेच लागेल. कोविडच्या काळात पुष्कळ कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना खुर्ची-टेबलासाठी पैसे दिले होते. तुझ्या कंपनीत तशी काही सोय आहे का, हे एचआरला लेखी विचार. विचारल्याने कुणी कामावरून काढत नाही.

मीटिंगसाठी बेडरूम लागेल हे खरे. त्यासाठी कपाटाच्या शेजारी, नाहीतर खिडकीखाली, भिंतीला बिजागरीची घडीची फळी लावून घे. दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद एवढी पुरते आणि काम संपले की भिंतीला टेकते. सुताराला बोलावण्याआधी पलंग भिंतीला पूर्ण चिकटवून किती जागा निघते ते टेपने मोज, कारण ‘काहीच मावत नाही’ असे म्हणणाऱ्या बऱ्याच खोल्यांमध्ये, कुणी मोजले की, तीन फूट निघतात. तेही नच जमले, तर खाली सतरंजी आणि चौरंग आहेच. त्यावर बसताना बुडाखाली घोंगडीची घडी घे, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर राहील, आणि एका तासाच्या वर तशी बसू नकोस. अंगावर रात्रीचा पायजमा आणि वर तेवढा कुर्ता, हा कॅमेऱ्यापुरता पोशाखही बंद कर.

सासूबाईंना पटवून देण्याचा नाद सोड, असे मी म्हणते. ते फोनवरचे वाक्य तुला लागले हे स्वाभाविक आहे आणि ते त्यांनी बोलायला नको होते, परंतु त्याचा जाब विचारू नकोस; चोरून ऐकल्याचा ठपका तेवढा येईल. त्यांच्या पिढीत धडधाकट बाई दिवसा आडवी दिसली की, “बरं नाही का गं?” असेच विचारत. त्यांना स्वतःला दिवसा पलंग मिळाला तो बाळंतपणात आणि तापात. तू साडेनऊला आवरून टेबलाशी बसलीस आणि तुझ्यापुढे अर्जांची रांग त्यांनी येता-जाता पाहिली, म्हणजे आठ दिवसांत सूर बदलेल. कधी चहाच्या वेळी, कुणाचे नावगाव न सांगता, मोतीबिंदूच्या बिलात दवाखाने काय काय लावतात ते त्यांना सांग; या विषयात रस नसलेली सासू मी अजून पाहिलेली नाही.

आणि हो, रविवारी दुपारी त्याच पलंगावर खुशाल लोळ, फक्त लॅपटॉप कपाटात ठेवून. पुढच्या महिन्यात मला पुन्हा लिही. कंबर कशी आहे ते तर कळवच, पण गुरुवारी टेबलावर कोण बसले ते आधी कळव.

तुझी,
मावशी