बाराच्या आत

पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. मनाली-लेह रस्त्यावर ग्रुपला सरचू ते पांग एका दिवसात मारायचंय. चढावर तू मागे पडतेस, म्हणून आतापासूनच बजावलंय की उशीर झाला तर सायकल गाडीवर टाकायची. आणि तू विचारतेस, "काका, जाऊ की नाव काढून घेऊ?" सायकल तुला येते, दम आहे, त्यावर शब्द घालवत नाही. मला एवढंच सांग, त्या दिवशी दुपारी बारा वाजता तू कुठे असशील?

तुमच्या बेतात किलोमीटर आहेत, चढाईचे मीटर आहेत, फोटोच्या जागासुद्धा आहेत. घड्याळ कुठेच नाही.

तिथले डोंगर उघडेबोडके. ऊन चढलं की भराभर तापतात, तापलेली हवा वर जाते आणि खोऱ्यातून वारा सुटतो. सकाळी गाणं गुणगुणत ओलांडलेली सपाटी दुपारी पायडल मारूनही सरत नाही. बर्फ वितळून ओढे फुगतात तेही दुपारीच. म्हणून बाराच्या आत मुक्काम. मी म्हातारा झालो म्हणून हे सांगत नाही, पंचविशीतही हेच सांगत होतो.

आता तुमचा दिवस बघ. सरचू साधारण ४३०० मीटरवर. तिथून त्साराप नदीच्या कडेनं गाटा लूप्सचा पायथा, मग २१ वळणं, मग नकी ला (ला म्हणजे खिंड), खाली व्हिस्की नाला, पुन्हा चढून पाच हजारांवरची लाचुलुंग ला, आणि मग कुठे पांगचा उतार. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. सिंहगड किती मिनिटांत चढलीस ते मला सांगू नकोस, त्याचा माथा १३०० मीटरवर आहे. दुसऱ्या खिंडीच्या चढाला तुम्ही लागाल तेव्हा दुपार टळलेली असेल आणि वारा पेटलेला असेल.

हा दिवस तोड. सरचूहून उजाडताच निघ आणि गाटाच्या पायथ्याशी नदीकाठी तंबू ठोक. ती जागा सरचूपेक्षा थोडी खालीच आहे, झोप बरी लागते. वळणांवर पाणी नाही, सगळ्या बाटल्या खालीच भरून घे. दुसऱ्या दिवशी पहिली वळणं टॉर्चच्या उजेडात. वाटेत एक छोटंसं देऊळ लागेल, भोवती पाण्याच्या बाटल्यांचा ढीग. बंद पडलेल्या ट्रकपाशी अडकून मेलेल्या क्लीनरच्या भुताला जाणारे-येणारे पाणी ठेवतात, अशी तिथली गोष्ट. भुताचं खरंखोटं सोड, तो ढीग नीट बघून घे.

व्हिस्की नाल्याला दहाच्या आत पोचलीस तर पुढे जा. त्यापेक्षा उशीर झाला तर तिथेच थांब, हंगामात ढाब्यांचे तंबू असतात. ही जागा पांगपेक्षा उंच आहे. डोकं ठणकत असेल, मळमळत असेल तर तिथे झोपायचं नाही, खाली उतरायचं. त्या वेळी सायकल गाडीवर टाकायला लाजू नकोस.

माझा एक जिवाचा मित्र होता. लाचुलुंगच्या अलीकडे मी दुपारी थांबलो, तो तीन वाजता पुढे निघाला. पुष्कळ सांगितलं, ऐकलं नाही. वाऱ्यात अडकला, अंधारात लष्कराच्या ट्रकनं त्याला पांगला पोचवलं. तो म्हणतो, मी त्याला सोडलं. मी म्हणतो, मी जागचा हललोच नव्हतो, सोडून गेला तो. बोलणं तुटलं ते तुटलंच, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. थांबल्याचं नाही वाटत. उद्याही तिथेच थांबेन.

आणि "ग्रुपला माझं ओझं होईल" हे पुन्हा लिहू नकोस, वैताग येतो. हळू माणूस पहाटे चारला निघतो आणि बाराच्या आत पोचतो. वेगवान माणूस आठला चहा पीत बसतो आणि वाऱ्यात सापडतो. ओझं कुणाचं कुणाला?

आज रात्रीच ग्रुपला कळव: सरचू ते पांग दोन दिवस, दोन्ही दिवस बाराच्या आत मुक्काम. नाही म्हणाले तर तुझ्या गतीची एखादी सोबतीण बघ, एकटी मात्र जाऊ नकोस. माझा दोन माणसांचा तंबू रविवारी येऊन घेऊन जा. खुंटे तेवढे नवे घे, तिथल्या दगडी जमिनीत जुने वाकलेत.

तुझा,
काका